स्कॅन पाहून मेंदूला उत्तेजन: कुठे फरक पडतो, कुठे अजून सिद्ध व्हायचं आहे

पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कवटी न उघडता बाहेरून मेंदूला उत्तेजन देण्याचे उपचार, म्हणजे टीएमएस (कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने) आणि टीडीसीएस (इलेक्ट्रोडमधून सौम्य विजेने), आता पक्षाघात, पार्किन्सन, अल्झायमर अशा सगळ्याच आजारांत दिले जातात. काही ठिकाणी आधी एमआरआय काढून त्यावर नेम धरतात, तर काही ठिकाणी डोक्यावर मोजमापाची टेप लावून जागा ठरवतात. स्कॅनमुळे रुग्णाला खरंच जास्त गुण येतो का? येत असेल तर साधा एमआरआय पुरतो, की फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो हे दाखवणारा स्कॅन, हवा?

आधी सरळ उत्तर देते. साध्या एमआरआयवर नेम धरल्याने उपचार ठरलेल्या जागीच पडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जागा अचूक साधली म्हणून गुण येईलच असं नाही. फंक्शनल एमआरआयवरून प्रत्येक रुग्णासाठी वेगळं लक्ष्य शोधणं हे मेंदूविकारांत आज तरी संशोधनाच्याच पातळीवर आहे. आणि माझं मत विचाराल तर, उपचाराआधी केलेल्या तपासण्यांचा सगळ्यात मोठा उपयोग कॉइल कुठे ठेवायची यासाठी नाही. हा उपचार कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवायला त्या जास्त उपयोगी पडतात, आणि नेमकं तिकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

टीएमएस कसं चालतं ते दोन ओळींत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून क्षणभर जोरदार विद्युतप्रवाह सोडला आणि माणसाचा हात हलवून दाखवला. कॉइलमधल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राला कवटी अडवत नाही. ते आत गेल्यावर मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतक्षेत्र तयार होतं आणि तिथल्या चेतापेशी पेटतात. मात्र खोलीसोबत हे क्षेत्र झपाट्याने कमी होतं. नेहमीच्या आठच्या आकाराच्या कॉइलने टाळूपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे फारसं काही पोचत नाही. टीडीसीएसचा मार्ग वेगळा आहे. दोन इलेक्ट्रोड लावून साधारण १ ते २ मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडतात. त्याने पेशी पेटत नाहीत, पण पेटण्याची त्यांची तयारी कमी-जास्त होते.

आता जागेचा प्रश्न. नैराश्यासाठी टीएमएस सुरू झालं तेव्हा अंगठा हलतो ती जागा शोधायची आणि तिथून पाच सेंटिमीटर पुढे कॉइल ठेवायची, असा सरसकट नियम होता. डोकं लहान असो की मोठं, मोजायचे पाच सेंटिमीटरच. त्यामुळे बऱ्याच रुग्णांत कॉइल हव्या त्या भागाच्या मागेच राहायची. टेपवरची पद्धत पुढे सुधारली. डोक्याचा घेर, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर अशी तीन मापं घेऊन जागा काढतात, आणि ती बरीच बरी येते. तरी टेपला कवटीच दिसते, आतल्या घड्या दिसत नाहीत.

जागा काढण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००९ सालच्या एका अभ्यासात आहे. निरोगी माणसांच्या उजव्या पार्श्वखंडावर टीएमएस देऊन आकड्यांच्या तुलनेचं काम किती बिघडतं हे त्यात पाहिलं होतं. जागा चार पद्धतींनी ठरवली. परिणाम खात्रीने दिसायला किती माणसं लागतील याचा हिशोब केला, तेव्हा ज्याच्या-त्याच्या फंक्शनल एमआरआयवर नेम धरला तर ५, ज्याच्या-त्याच्या साध्या एमआरआयवर ९, गटाच्या सरासरी नकाशावर १३ आणि ईईजीच्या (मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणाऱ्या) टोपीवरच्या खुणेवर तब्बल ४७, असे आकडे निघाले. ५ आणि ९ मधलं अंतर लहान आहे, ९ आणि ४७ मधलं प्रचंड. म्हणजे मोठी उडी साधा एमआरआय काढल्यानेच मिळाली. हा अभ्यास निरोगी माणसांवरचा होता आणि मोजलेला परिणाम तात्पुरता होता, हे विसरून चालणार नाही. तरीही माझ्या कामाचा प्राधान्यक्रम मी याच दिशेने लावते: आधी चांगला साधा एमआरआय, बाकी नंतर.

मोटर कॉर्टेक्सच्या, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या, बाबतीत एक मोठी सवलत आहे. तिथे रुग्णाचा हातच जागा सांगतो. कॉइल थोडी-थोडी सरकवत जायचं, हाताच्या स्नायूवर लावलेल्या इलेक्ट्रोडवर सगळ्यात मोठी लाट जिथे उमटते ती जागा पकडायची. हा प्रतिसाद, म्हणजे एमईपी, मिळत असेल तर एमआरआय नसला तरी तुम्ही बरोबर जागी आहात. चेतावेदनेसाठी, म्हणजे चेतांच्या इजेमुळे होणाऱ्या वेदनेसाठी, मोटर कॉर्टेक्सवर टीएमएस देतात तिथेही बरंच काम असंच भागतं. अडचण येते ती पक्षाघाताच्या बाजूला. तिथे कित्येकदा काहीच उमटत नाही, आणि मग एमआरआयशिवाय दुसरा वाटाड्या नसतो. मेंदूच्या वरच्या आडव्या कापांमध्ये मध्यवर्ती खाचेच्या पुढच्या घडीवर मागच्या बाजूला फुगलेला एक गठ्ठा दिसतो, ओमेगा अक्षर उलटं ठेवल्यासारखा. तो हाताचा भाग. १९९७ साली त्याचं पद्धतशीर वर्णन झालं आणि तेव्हापासून शल्यचिकित्सक आणि आम्ही दोघंही त्याच खुणेवर विसंबतो. जागेइतकाच कोनही महत्त्वाचा आहे. कॉइलची मूठ मागे आणि बाहेर, मधल्या रेषेपासून सुमारे ४५ अंशांवर ठेवली की मेंदूतला प्रवाह खाचेला काटकोनात जातो. जागा तीच ठेवून कोन बराच फिरवला तर प्रतिसादाची उंची लगेच घसरते. हे एकदा स्वतः करून, पडद्यावर पाहावं. वाचून पटण्यापेक्षा ते लवकर पटतं.

एमआरआय समोर ठेवून कॉइलचा नेम धरण्याला नॅव्हिगेशन म्हणतात, ते प्रत्यक्षात असं असतं. रुग्णाच्या कपाळाला एक पट्टा, त्यावर परावर्तक गोळ्या, तशाच गोळ्या कॉइलवर. समोर इन्फ्रारेड कॅमेरा. एका टोकदार दांडीने नाकाचं मूळ आणि दोन्ही कानांपुढचा छोटा उंचवटा टेकवून संगणकाला डोकं आणि स्कॅन जुळवून द्यायचं, मग डोक्यावर इकडेतिकडे बरेच बिंदू टेकवून ती जुळणी पक्की करायची. यातल्या चुका फार साध्या असतात, आणि नेमक्या त्याच महागात पडतात. पक्षाघाताच्या वेळी काढलेला नेहमीचा एमआरआय साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या कापांचा असतो. तो निदानाला उत्तम, पण नॅव्हिगेशनला निरुपयोगी. लागतो तो सगळ्या दिशांना १ मिलिमीटरचा त्रिमितीय टी-१ स्कॅन, आणि त्यात नाकाचा शेंडा, दोन्ही कान आणि टाळू पूर्ण आलेली असायला हवी. वेळ वाचवायला चित्राची चौकट लहान करून नाक कापलेला स्कॅन आला, तर जुळणी नीट होतच नाही. मशीनमध्ये आवाजापासून संरक्षण म्हणून कानांवर जाड गाद्या लावतात. त्यांनी कान दाबले जातात, कानापुढची खूण सरकते आणि ती चूक सगळ्या सत्रांत तशीच राहते. म्हणून रेडिओलॉजीच्या चिठ्ठीवर या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. सत्राच्या मध्यात पट्टा घसरला का, हे बघायला दांडी परत नाकाच्या मुळाशी टेकवून पाहावी. पडद्यावरचा बिंदू दोन-तीन मिलिमीटरच्या आत आला तर मी पुढे जाते. पाचाच्या पुढे गेला तर सगळी जुळणी पुन्हा करायची.

यापुढचा भाग मात्रेचा. टीएमएसची मात्रा रुग्णाच्या मोटर थ्रेशोल्डच्या टक्क्यांत सांगतात. विश्रांतीत असलेल्या स्नायूत दहापैकी निदान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद येईल, अशी कमीत कमी तीव्रता म्हणजे थ्रेशोल्ड. हे माप निघतं मोटर कॉर्टेक्सवर, आणि उपचार बऱ्याचदा दिला जातो दुसरीकडे. कॉइल आणि कॉर्टेक्समधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. अंतर १ मिलिमीटरने वाढलं की तोच परिणाम साधायला मशीनची ताकद साधारण ३ टक्के वाढवावी लागते, असं मोजलेलं आहे. वय झालेल्या, मेंदू आकसलेल्या रुग्णांत पुढच्या खंडावरचं अंतर मोटर भागापेक्षा कित्येक मिलिमीटरने जास्त असू शकतं. अल्झायमरच्या रुग्णाला तुम्ही कागदावर ११० टक्के देता, आणि आत पोचतं त्याहून बरंच कमी. एमआरआय हातात असेल तर हे अंतर मोजायला अर्धं मिनिट पुरतं. हे न मोजता ‘रुग्णाला गुण आला नाही’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही.

टीडीसीएसमध्ये तर मॉडेलिंगशिवाय, म्हणजे प्रवाह कुठे पोचतो याचा संगणकावर हिशोब केल्याशिवाय, बोलणंच अवघड आहे. लोक समजतात की इलेक्ट्रोडखालचा भाग उत्तेजित होतो. प्रत्यक्षात प्रवाहाचा मोठा वाटा टाळूच्या त्वचेतूनच निघून जातो. उरलेला कवटी ओलांडून मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतो, आणि क्षेत्राचा कमाल बिंदू पुष्कळदा दोन इलेक्ट्रोडच्या मधोमध कुठेतरी पडतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी आधीच मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. २ मिलिअँपिअरला आतलं क्षेत्र १ व्होल्ट प्रतिमीटरच्याही खाली निघालं. इतक्या कमी क्षेत्रात ते नेमकं कुठे पडतंय यालाच सगळं महत्त्व येतं. सिम-एनआयबीएससारखी मोफत सॉफ्टवेअर रुग्णाच्या एमआरआयवरून त्वचा, कवटी, पाणी, करडा आणि पांढरा भाग वेगळे करून क्षेत्राचा अंदाज काढतात. निरोगी मेंदूसाठी हे बऱ्यापैकी विश्वासाचं आहे. पक्षाघाताच्या मेंदूत मात्र हात घालावा लागतो. जुन्या पक्षाघाताची पोकळी पाण्याने भरलेली असते, आणि या पाण्याची विद्युतवाहकता मेंदूच्या ऊतीच्या सुमारे पाचपट आहे. सॉफ्टवेअरने ती पोकळी चुकून मेंदू म्हणून धरली तर चित्र सुंदर दिसतं, पण खोटं असतं. पोकळीची सीमा स्वतः काप-काप बघून दुरुस्त करावी लागते. यात वेळ जातो. पण हा वेळ द्यायची तयारी नसेल तर मॉडेलवर निर्णय घेऊ नये.

आता पक्षाघात, जिथे तुमचा खरा प्रश्न आहे. रूढ कल्पना अशी की दोन्ही अर्धगोल एकमेकांना दाबून धरतात. एकाला इजा झाली की निरोगी बाजू जास्त दाबते आणि कमजोर बाजूला उठू देत नाही. म्हणून निरोगी बाजूच्या मोटर कॉर्टेक्सला सेकंदाला एक स्पंद अशा मंद गतीने शांत करायचं, किंवा इजा झालेल्या बाजूला वेगाने चेतवायचं. २०२० साली युरोपीय तज्ज्ञगटाने पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात हाताच्या सुधारणेसाठी निरोगी बाजूला मंद टीएमएस देण्याला सगळ्यात वरची श्रेणी दिली.

त्याच उपचाराची मोठी चाचणी आधीच झालेली होती. ‘निचे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पक्षाघाताला तीन ते बारा महिने झालेले १९९ रुग्ण, एमआरआयवर नॅव्हिगेशन करून निरोगी बाजूला मंद टीएमएस आणि त्याच सत्रात हाताचे व्यायाम. तुलनेसाठी नकली टीएमएस, सोबत तेच व्यायाम. सहा महिन्यांनी फ्युगल-मेयर गुणांत (हाताच्या हालचालीच्या मोजमापात) अर्थपूर्ण सुधारणा झालेल्यांचं प्रमाण खऱ्या उपचारात ६७ टक्के आणि नकली उपचारात ६५ टक्के. नॅव्हिगेशन उत्तम होतं, तरी फरक काहीच नाही. दोन्ही गटांत दोन-तृतीयांश रुग्ण सुधारले, तेही पक्षाघात होऊन बरेच महिने गेल्यावर. यातून व्यायामाची ताकद दिसते, आणि तुमच्यासारख्या थेरपिस्टने ही ओळ रुग्णांच्या नातेवाइकांना जरूर सांगावी.

मग वरची श्रेणी आणि ही चाचणी यांचा मेळ कसा घालायचा? मी तो असा घालते. पहिली गोष्ट काळ: सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू जितका लवचीक असतो, तितका सहा-आठ महिन्यांनी नसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सगळ्या रुग्णांत निरोगी बाजू शत्रूची भूमिका करत नाही. इजा लहान असेल, मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणारा मार्ग बराचसा शाबूत असेल, तर निरोगी बाजूला शांत करणं समजण्यासारखं आहे. पण तो मार्ग उद्ध्वस्त झाला असेल, तर खांदा-कोपर जे काही हलतंय ते निरोगी बाजूच्या मदतीने हलत असण्याची शक्यता असते. तिलाच दाबलं तर काय होईल? २०१२ साली एका छोट्या अभ्यासात निरोगी बाजूवर कॅथोडल (पेशींची पेटण्याची तयारी कमी करणारं) टीडीसीएस दिलं, तेव्हा सौम्य अशक्तपणा असलेल्यांचं हाताच्या वरच्या भागावरचं नियंत्रण सुधारलं आणि जास्त इजा झालेल्यांचं बिघडलं. एकच उपचार, एकच जागा, उलटे परिणाम. सरसकट रुग्ण घेऊन सरासरी काढली की हे दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून शून्य होतात.

म्हणून मार्ग शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय उपचार सुरू करू नये असं मी म्हणते. ते पाहायचे दोन मार्ग आहेत. एक टीएमएसनेच: कमजोर हातात एमईपी येतो का? दुसरा डीटीआय, म्हणजे मेंदूतल्या तंतूंचे मार्ग दाखवणारा एमआरआय: मेंदूच्या आतल्या कॅप्सूलमध्ये, जिथे हे तंतू एकत्र येऊन खाली जातात तिथे, दोन्ही बाजूंच्या मार्गाची स्थिती तोलून पाहायची. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑकलंडमध्ये कॅथी स्टीनिअर यांच्या गटाने हात किती सुधारेल याचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली. पहिल्या आवृत्तीत एमआरआय होता. सुधारलेल्या आवृत्तीत, म्हणजे प्रेप-२ मध्ये, तो काढून टाकला, कारण खांदा उचलणं आणि बोटं उघडणं यांचे गुण, वय, पहिल्या आठवड्यातला एमईपी आणि पक्षाघाताची तीव्रता एवढ्यावरच सुमारे ७५ टक्के रुग्णांचा अंदाज बरोबर येत होता. स्कॅनने त्यात भर पडली नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे टीएमएस मशीन असेल, तर डीटीआयसाठी अडून बसू नका. उशिरा आलेल्या रुग्णात एमईपी नसेल, तेव्हा डीटीआयला किंमत येते. मार्गाचा थोडा तरी भाग उरला आहे की नाही, हे त्यातून कळतं. काहीच उरलं नसेल तर इजा झालेल्या बाजूवर हाताच्या सुधारणेसाठी टीएमएस देत राहणं मला योग्य वाटत नाही, आणि नातेवाइकांना ते स्पष्ट शब्दांत सांगायची जबाबदारी आपली आहे.

फंक्शनल एमआरआयकडे येते. त्याबद्दलची आशा आली आहे नैराश्याच्या उपचारातून. २०१२ साली बोस्टनच्या गटाने दाखवलं की डाव्या पुढच्या खंडातल्या ज्या जागांचा चढउतार कपाळामागच्या खोल भागातल्या सबजेन्युअल सिंग्युलेटच्या बरोबर उलट चालतो, त्या जागांवर टीएमएस दिलेल्यांना जास्त गुण येतो. त्यावर आधारलेली स्टॅनफर्डची पद्धत म्हणजे पाच दिवस, रोज दहा सत्रं, प्रत्येक रुग्णाच्या फंक्शनल एमआरआयवरून काढलेली जागा. नकली उपचाराशी तुलना केलेल्या चाचणीत चार आठवड्यांनी नैराश्याचे गुण सरासरी ५२.५ टक्क्यांनी कमी झाले, नकली गटात ११.१ टक्क्यांनी. २०२२ मध्ये अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाची, परवानगीही मिळाली. निकाल मोठाच आहे. पण त्यात जागा, एकूण स्पंदांची संख्या आणि दिवसाला दहा सत्रांचं वेळापत्रक, तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या होत्या. श्रेय कोणाचं हे त्या चाचणीतून कळत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २५५ रुग्णांच्या चाचणीने ते बऱ्याच अंशी वेगळं करून पाहिलं. एका गटाला फंक्शनल जोडणीवरून, म्हणजे कोणते भाग एकमेकांसोबत चढउतार करतात त्यावरून, ठरवलेली जागा, दुसऱ्याला साध्या एमआरआयवरून. दोन्ही गट चांगले सुधारले, आणि दोघांत फरक सापडला नाही. ‘एमआरआयचा उपयोग नाही’ असा याचा अर्थ काही जण काढतात, तो चुकीचा आहे, कारण दोन्ही गटांत एमआरआय नॅव्हिगेशन होतं. साध्या स्कॅनच्या वर फंक्शनल स्कॅनने अजून भर घातलेली दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मेंदूविकारांत अडचणी आणखी वाढतात. फंक्शनल एमआरआय रक्तप्रवाहातले बदल मोजतो, पेशींचं काम थेट मोजत नाही. पक्षाघातानंतर रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच मंदावलेला असतो, त्यामुळे जोडणी तुटलेली दिसते ती खरंच तुटली आहे की रक्त उशिरा पोचतंय, हे वेगळं करावं लागतं. पार्किन्सनच्या रुग्णाचं डोकं हलतं, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दहा मिनिटं स्तब्ध पडून राहणं जमत नाही, आणि डोक्याची हालचाल खोट्या जोडण्या तयार करते. सबजेन्युअल भाग नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांजवळ असल्याने तिथला सिग्नल मुळातच गळतो. एकाच माणसाचा आठ-दहा मिनिटांचा स्कॅन दोनदा काढला आणि घाईने विश्लेषण केलं, तर लक्ष्य सेंटिमीटरभर सरकू शकतं. कॉइलचा नेम दोन मिलिमीटरचा आणि लक्ष्यच सेंटिमीटरभर डळमळीत, अशा अचूकतेवर मी विसंबत नाही.

याला एक पर्याय मला आशादायक वाटतो. रुग्णाच्या स्वतःच्या डळमळीत स्कॅनऐवजी सुमारे हजार निरोगी माणसांच्या स्कॅनमधून बनवलेला जोडण्यांचा नकाशा वापरायचा. एकच लक्षण निर्माण करणाऱ्या इजा वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळ्या ठिकाणी असल्या, तरी या नकाशावर त्या बहुधा एकाच जाळ्यात येतात, हे २०१५ पासून अनेक लक्षणांबाबत दाखवलं गेलं आहे. खोल मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांत कोणाला किती गुण आला, याचा अंदाजही अशा नकाशावरून करता आला. त्यातून आजारासाठी एक जाळं मिळतं, आणि त्या जाळ्याचं पृष्ठभागावर पोचता येईल असं टोक टीएमएससाठी निवडता येतं. रुग्णागणिक वेगळं नाही, पण स्थिर लक्ष्य. पुढच्या चाचण्यांनी हे तपासावं असं मला मनापासून वाटतं.

अल्झायमरमध्ये रोमच्या गटाने प्रीक्युनियस निवडला, तो याच विचाराने. आजारात लवकर बिघडणाऱ्या जाळ्याचा हा मध्यबिंदू, आणि कॉइलला पोचता येईल असा. प्रत्येकाच्या एमआरआयवर नेम धरून ५० रुग्णांना २४ आठवडे उपचार दिले. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार खरा उपचार घेतलेल्यांची स्थिती जवळपास टिकून राहिली आणि नकली गटाची घसरली. गेलेली स्मृती परत आली असा दावा त्यात नाही. ५० हा आकडाही लहान आहे. वाचा गेलेल्या रुग्णांत टीडीसीएसचा २०१८ चा एक अभ्यास त्याच वळणाचा: ७४ रुग्ण, नावं सांगताना डाव्या मेंदूतला जो भाग फंक्शनल एमआरआयवर जास्त सक्रिय दिसला, तिथेच इलेक्ट्रोड, सोबत वाचाउपचार. ‘पुढे मोठी चाचणी करण्यासारखं आहे’ इथपर्यंत निकाल आला. पार्किन्सनमध्ये दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सला वेगवान टीएमएस देण्याला मध्यम श्रेणीचा पुरावा आहे. तिथे जागा हाताच्या हालचालीवरूनच सापडते. औषधाचा असर असताना सत्र दिलं की उतरल्यावर, याची नोंद स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ज्या तंत्रात स्कॅनशिवाय पाऊलच टाकता येत नाही, ते म्हणजे केंद्रित अल्ट्रासाउंड. एसेन्शियल ट्रेमरसाठी, म्हणजे पार्किन्सनहून वेगळ्या अशा हातांच्या कंपासाठी, त्याचा जास्त तीव्रतेचा प्रकार २०१६ पासून अमेरिकेत मान्य आहे. त्यात थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूतल्या एका खोल केंद्राचा, छोटा भाग तापवून कायमचा निकामी करतात, म्हणजे ते उत्तेजन नव्हे. पण स्कॅनने उपचार कसा चालवावा याचा तो उत्तम नमुना आहे. रुग्ण एमआरआयमध्ये जागा असतो. आधी कमी तापमानाला नेम तपासतात, एमआरआयवरच तापमान दिसतं. रुग्णाला कागदावर गोल वळणं काढायला सांगतात, कंप कमी झाला आणि बोलणं किंवा संवेदना बिघडली नाही तरच पुढे तापवतात. लक्ष्याचा तो भाग नेहमीच्या एमआरआयवर वेगळा दिसत नाही, म्हणून लहान मेंदूपासून थॅलॅमसकडे येणारा मार्ग डीटीआयवर काढून त्याचा आधार घेतात. कमी तीव्रतेचा प्रकार पेशी न जाळता त्यांचं काम बदलतो आणि टीएमएस पोचत नाही अशा खोल भागात जातो. पण कवटी ध्वनिलहरी शोषते आणि वाकवते, आणि प्रत्येकाची कवटी वेगळी. सीटी स्कॅनवरून, किंवा हाड दाखवणाऱ्या खास एमआरआयवरून, आधी संगणकावर किरण कुठे पोचेल आणि किती तापेल हे काढावंच लागतं. हे न करता कोणी खोल मेंदूवर अल्ट्रासाउंड देत असेल, तर रुग्णाला तिथे पाठवू नका.

तुमच्या केंद्रात उद्यापासून काय करता येईल, तेवढं सांगते. टीएमएस द्यायच्या आधी कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या धातूच्या क्लिपा, बसवलेले इलेक्ट्रोड आणि आधीचे झटके यांची चौकशी दर वेळी करा. जुना स्कॅन असेल तर तो स्वतः उघडून इजेचा आकार आणि मार्ग पाहा, नुसत्या अहवालावर थांबू नका. कमजोर हातात एमईपी येतो का याची नोंद आणि फ्युगल-मेयरचे गुण उपचाराआधी घ्या. एमईपी येत असेल तर मोटर कॉर्टेक्ससाठी नॅव्हिगेशन नाही म्हणून उपचार थांबवू नका. टोपीवर जागा पक्की आखून घ्या, कोन दर सत्राला तपासा आणि वेळ व्यायामावर खर्च करा. पुढच्या खंडावर काम असेल तर तीन मापांची पद्धत वापरा. निरोगी बाजू शांत करायचा विचार फक्त ज्यांचा मार्ग शाबूत आहे त्यांच्यासाठी, आणि तोही लवकरच्या आठवड्यांत ठेवा. मात्र ज्याच्या मेंदूत मोठी पोकळी आहे किंवा ज्याच्या कवटीचा तुकडा काढलेला आहे, अशा रुग्णाचं काम टेपवर भागवू नका. हाडाच्या भोकातून टीडीसीएसचा प्रवाह एकाच ठिकाणी आत घुसतो. अशा रुग्णाला त्याच्याच ताज्या त्रिमितीय एमआरआयवर मॉडेल काढून देणाऱ्या केंद्राकडे पाठवा.